न बसलेल्या सीटवरची पाच वर्षं

सुरतेच्या आसपास डोंगर नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नकाशा काढून माझ्याशी वाद घालायला नको. सगळ्यात उंच चढ म्हणजे रेल्वेचा भराव, आणि सगळ्यात खोल उतार म्हणजे म्युनिसिपालिटीने खणून विसरलेला खड्डा. तरीही आमच्या खालच्या मजल्यावरचा इंजिनियर दर रविवारी डोक्यावर टोपडं, हातात मोजे आणि बैलाच्या मानेएवढे जाड टायर असलेली सायकल घेऊन पहाटे बाहेर पडतो आणि दहाला चिखलाने माखून घरी येतो. तो याला ‘ट्रेल’ म्हणतो. परवा त्याने मला मोबाइलवर त्याचे ट्रेल दाखवले. डुमसची वाळू, खाजणाचा बांध, गोडादऱ्याकडची काटेरी वाट, कडोदऱ्याच्या बाजूला उसातून जाणारी कालव्याची वाट.

मी म्हटलं, “बाळा, या सगळ्या वाटा मी काढल्या आहेत.”

तो हसला. म्हातारी माणसं असं बोलतातच, असा त्याचा चेहरा होता. म्हणून हा लेख.

मी मलेरिया खात्यात होतो. साठाच्या दशकाची अखेर आणि पुढची बरीच वर्षं माझं काम एकच होतं. पंधरा दिवसांतून एकदा नेमून दिलेल्या प्रत्येक घरी जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. घरात कुणाला ताप आहे का? मागच्या खेपेनंतर कुणाला येऊन गेला का? घरी पाहुणा आलाय का, आणि त्याला ताप आहे का? कुणी हो म्हटलं की त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका आणि एक पातळ थर घ्यायचा, पट्टी वाळवायची, लाकडी पेटीतल्या खाचेत उभी करायची आणि त्या माणसाला कडू गोळ्या आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या. मग दाराजवळ भिंतीवर गेरूने आखलेल्या चौकटीत तारीख टाकून पुढच्या घरी. पट्ट्या तपासायला जायच्या आणि जंतू निघाले की त्या माणसाला पुरतं औषध. ऐकायला सोपं वाटतं. पण ओल्या रक्तावर माशा बसतात, वाळलेलं रक्त मुंग्या खातात, आणि सायकलने गचका खाल्ला की काच तडकते. फुटलेली पट्टी म्हणजे न सापडलेला ताप, आणि तो ताप डासाच्या पाठीवर बसून शेजारच्या घरी जातो.

लोक मला ‘मच्छरभाई’ म्हणायचे. मच्छर मारणाऱ्याला मच्छर म्हणण्याची पद्धत मला सुरतेतच भेटली.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. डुमसला एक काका उजव्या हाताचं बोट द्यायचे नाहीत, कारण तो हात पत्ते पिसायचा होता. एका घरची बाई नवऱ्याला धान्याच्या कोठीमागे लपवायची आणि “ताव-बाव कई नथी” म्हणायची, आणि कोठी मात्र थडथड कापायची. एका शेतकऱ्याने तर हट्टच धरला की माझ्या म्हशीला ताप आहे, तिचं रक्त घे. मी नाही म्हटलं तर तो माझ्या सायकलसमोर आडवा झाला. शेवटी म्हशीच्या कानाचा थेंब घेतला आणि नावाच्या रकान्यात त्याने सांगितलेलं ‘मोंघी’ हे नाव लिहिलं. आठ दिवसांनी तपासणीकडून चिठ्ठी आली, “मोंघीबेनना समक्ष भेटण्याची इच्छा आहे.”

आता मुद्द्यावर येतो. या नोकरीच्या अर्जात दोन प्रश्न होते. स्वतःची सायकल आहे काय? आणि सायकल चालवता येते काय? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की माहिती खोटी आढळल्यास नोकरीवरून काढण्यात येईल. पहिल्याचं उत्तर ‘होय’ खरं होतं. वडिलांची चोवीस इंची उंच काळी सायकल जिन्याखाली उभी होती. दुसऱ्यालाही मी ‘होय’ लिहिलं आणि खाली झोकदार सही केली.

मला सायकल येत नव्हती.

दहा वर्षांचा असताना भाड्याच्या सायकलवर एकदा बसलो होतो. ती सायकल मला घेऊन थेट खमणवाल्याच्या थाळीत गेली. खमणवाल्याने कान धरून घरी आणलं, आईने दुसरा कान धरला, आणि त्या दिवसापासून माझं आणि सायकलचं बोलणं बंद झालं. वडील गेल्यावर घरात कमावणारा मी एकटाच राहिलो, तेव्हा ती सही केली. महिन्याभरात शिकून घेऊ, असं मनाशी म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी गावाबाहेर जाऊन प्रयत्न केला. पाय जमिनीला पोचेनात. मी सायकलवरून उतरलो आणि पुढची पाच वर्षं ती हाताने ढकलली.

रोजचे आठ-दहा मैल मी सायकलच्या शेजारून चाललो. पँटला क्लिप लावायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हा आत्ताच उतरलाय. समोरून खात्यातलं कुणी आलं की खाली वाकून चेन बसवायला लागायचो. पाच वर्षांत माझी चेन जितकी निसटली तितकी जगात कुणाची निसटली नसेल.

पायी हिंडणाऱ्या माणसाला लांबचा रस्ता परवडत नाही, म्हणून मी जवळच्या वाटा शोधल्या. डुमसला ओहोटीनंतर पाण्याच्या अगदी कडेची ओली वाळू घट्ट असते, तिथून जायचो. खाडीकाठच्या खाजणात खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध होता, माथ्यावर जेमतेम वीतभर रुंद. त्यावरून सायकल जायची आणि मी खालच्या चिखलातून हँडल धरून चालायचो. सायकल वर, मी खाली. रेल्वेचा भराव आला की तिला खांद्यावर घेऊन चढायचो आणि वरून पुन्हा ढकलायला लागायचो. गोडादऱ्याहून नवागामकडे गांडा बावळीच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, काट्यांतून एक बोळ होता, त्यात तिला पुढे घालून मी मागे लपत जायचो. एवढं करूनही माझी एकही पट्टी कधी फुटली नाही. फुटणार कशी? ढकललेल्या सायकलला गचके बसत नाहीत.

आमचे सुपरवायझर ठाकोरभाई अस्सल सुरती होते. म्हणजे ‘सुप्रभात’सुद्धा शिवीत गुंडाळून द्यायचे. कामदार खरोखर घरी जातो की झाडाखाली झोपतो हे पाहायला ते भिंतीवरच्या तारखा तपासत फिरायचे. एकदा ते माझ्या मागावर खाजणात गेले. बांधाच्या वीतभर माथ्यावर त्यांना टायरचा माग दिसला, सुतळी ओढावी तसा सरळ, फर्लांगभर, कुठे डगमग नाही. खाली चिखलात पावलं होती, ती त्यांना कोळ्यांची वाटली. पुढे भरावाच्या पायथ्याशी टायरचा माग संपला आणि थेट माथ्यावर पुन्हा सुरू झाला. ठाकोरभाई तिथेच उभे राहिले आणि त्यांनी निष्कर्ष काढला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. “अल्या पाठक! तें तो सायकल उडाडी! तुं सर्कसमां केम नथी जतो?”

तिथे मी खरं सांगायला हवं होतं. पण माणसाची स्तुती चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही. मी नुसता हसलो आणि पँटची क्लिप नीट केली.

झालं! मी जिल्ह्यातला सगळ्यात पट्टीचा सायकलवाला ठरलो. ठाकोरभाईंनी मला डुमसपासून कडोदऱ्यापर्यंतच्या सायकलवाटांचा नकाशा काढायला लावला. मी मन लावून काढला. निळ्या पेन्सिलीने वाळूची वाट, लालने बांधाची, काळ्याने भरावाची, आणि काट्याच्या वाटेला हिरवा. शेजारी ओहोटीच्या वेळा लिहिल्या. नकाशा कचेरीत टांगला गेला आणि सगळ्या कामदारांना त्या वाटेने जायचा हुकूम निघाला.

त्या पंधरवड्यात आमच्या खात्याची जी भंबेरी उडाली ती आठवली की हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. कुणी बावळीत अडकलं, कुणी भरावावरून सायकलसकट गडगडत आलं. कुणीही नकाशाला दोष दिला नाही. सरकारी नकाशा चुकीचा असू शकतो हे आमच्या पिढीला सुचायचंच नाही. नटुभाई नावाचा माझा सहकारी, अतिशय सज्जन माणूस, बांधावरून पेटीसकट खाजणात पडला. गुडघा फुटलाच, पण सगळ्या पट्ट्या पाण्यात गेल्या. त्यांत डुमसच्या एका कोळ्याच्या घरची एक पट्टी होती. नटुभाई बरा होऊन पुन्हा तिथे पोचेपर्यंत त्या ओळीतली पाच घरं तापाने आडवी झाली होती. सगळे वाचले, पण एक बाळंतीण फार वाईट अवस्थेतून परत आली.

मी नटुभाईला भेटायला गेलो. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “पाठक, मलाच सायकल येत नाही रे. वीस वर्षं चालवतोय, पण तुझ्यासारखी नाही येत.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. माझ्या सायकलच्या ब्रेकची चारही रबरं अगदी कोरी होती, कारण मला ब्रेक कधी लागलाच नव्हता. ती काढून मी त्याच्या सायकलला बसवली. एवढंच प्रायश्चित्त मला तेव्हा सुचलं. खरं बोलणं सुचलं नाही.

माझं गुपित बाहेरचं एकच माणूस ओळखून होतं. नवागामला खाडीच्या अलीकडे मागवाल्यांच्या खोल्या होत्या. मागवाले म्हणजे पॉवरलूमवर काम करायला खानदेशातून आलेले लोक. शेवटच्या खोलीत हिराआक्का राहायची. तिचे दोन मुलगे मागावर जायचे आणि ती दिवसभर उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. माझ्या दुसऱ्याच खेपेला तिने डोळे बारीक करून विचारलं होतं, “काय रे भाऊ, तू सायकलले फिरावस का सायकल तुले फिरावस?”

मी इकडेतिकडे बघून म्हटलं, “आक्का, कुणाला सांगू नका. नोकरी जाईल.”

“मी कोणले सांगसू? माले कोण इचारस?” असं म्हणून तिने मला चहा दिला. पुढे दर पंधरा दिवसांनी ती तिन्ही प्रश्नांना “नही, नही, नही” असं एका दमात उत्तर द्यायची आणि सायकलकडे बघून वर विचारायची, “बठना का मंग तिनावर?” मीही “नही” म्हणायचो. अशी आमची चार प्रश्नांची तपासणी चालायची.

याच सुमारास माझं लग्न झालं. मंदा पुण्याची. सायकलवर शाळेत गेलेली, कॉलेजात गेलेली, आणि मुलगा सरकारी नोकरीत रोज सायकलवर हिंडतो एवढ्या भांडवलावर मला पसंत केलेली. तिसऱ्या दिवशी ती जिन्याखाली सायकल पुसायला गेली आणि तशीच वर आली.

“पाच वर्षं वापरताय ना ही?”

“हो.”

“टायर गुळगुळीत झालेत, आणि सीट नवी कोरी. सीटच्या खालच्या बाजूला दुकानाचा कागद चिकटलाय अजून.”

मी सगळं सांगून टाकलं. ती जी हसायला लागली ती पोट धरून पायरीवरच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “आपण शिकू हळूहळू.”

हळूहळू शिकायला वेळ मिळाला नाही. खात्यात नवे साहेब आले. हे साहेब तरुणपणी सायकलच्या शर्यती जिंकलेले, अजूनही हाफ पँट घालून सायकलवर दौरा करणारे. त्यांनी कचेरीत टांगलेला नकाशा पाहिला, कामदारांच्या जखमा पाहिल्या आणि माझ्या न फुटलेल्या पट्ट्यांचा हिशेब पाहिला. माझा कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी आलेलाच होता. तो बाजूला ठेवून साहेब म्हणाले, “पाठक, पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं. गोडादऱ्याचा पार ते नवागामचं लिंब. अंगावर पट्ट्यांची पेटी. मी शेवटाला उभा राहीन. सही तिथेच करतो.”

घरी आल्या आल्या मंदाला सांगितलं. मंदाने पदर खोचला. रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ती कॅरियर धरून मागे पळायची आणि मी वर बसून देवाचं नाव घ्यायचो. मैदानाच्या कडेला हळूहळू प्रेक्षक जमायला लागले. भुईमुगाच्या शेंगा विकणारा कायमचा तिथे येऊन बसला. सहाव्या दिवशी मागे वळून पाहिलं तर मंदा लांब उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मी एकटा जात होतो. ती टाळी बघून मी पडलो, पण शिकलो. फक्त दोन गोष्टी राहिल्या. चढणं आणि उतरणं. वर ती बसवायची आणि खाली तीच धरून उतरवायची. ब्रेकला रबरं नाहीत हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मी “शनिवारी टाकतो” म्हटलं आणि शनिवारी भीतीपोटी तेही विसरलो.

रविवारी सकाळी गोडादऱ्याच्या पारावर तीस कामदार सायकली घेऊन हजर. मंदाही आली होती, लांब उभी. माझी अडचण साधी होती, मला चढता येत नव्हतं. मी सायकल पाराच्या ओट्याला टेकवली, ओट्यावर चढलो आणि तिथून सीटवर बसलो.

ठाकोरभाईंनी बोट ओठावर ठेवलं. “जुओ, जुओ! ऊंचाईथी बेहे छ!” असं उंचावरून बसणं ही त्यांना युक्ती वाटली. मी निघालो तेव्हा मागे अकरा कामदार आपापल्या सायकली घेऊन ओट्यावर चढायला रांग लावत होते.

पहिला फर्लांग बरा गेला. पेटी गळ्यात, पेन्सिल कानावर. मग तळ्याच्या काठाचा उतार लागला आणि सायकल आपल्या मनाने धावायला लागली. पाच वर्षं मी तिला जिथे नेईन तिथे ती आली होती. आता तिने सगळं वसूल करायचं ठरवलं असावं. तळ्याच्या बांधावर कशी चढली ते मला माहीत नाही, माझे डोळे मिटलेले होते. डोळे उघडले तेव्हा बांध संपलेला होता आणि बावळीचा बोळ सुरू झाला होता. काट्यांनी सदऱ्याची बाही नेली, कानावरची पेन्सिल नेली. मी ब्रेक दाबले. ब्रेक किंचाळले, पण थांबले नाहीत, कारण माझी रबरं नटुभाईच्या सायकलवर होती आणि नटुभाई माझ्या मागे “वाह पाठक, वाह!” करत व्यवस्थित ब्रेक लावत येत होता.

लिंबाखाली साहेब उभे होते, हातात माझा कागद आणि उघडलेलं पेन. मी त्यांच्यासमोरून निघून गेलो. त्यांनी सलामासाठी हात वर केला असावा, मला फक्त त्यांच्या कोपराचा वारा लागला.

“थांबा! पाठक, झालं! थांबा!”

थांबायला मला पडावं लागलं असतं, आणि पडलो असतो तर सगळं संपलं असतं. ज्याला सायकलवरून उतरता येत नाही त्याने पाच वर्षं सायकलीचं काम केलं कसं, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर अर्जावर माझ्या सहीने पडलेलं होतं. म्हणून मी पॅडल मारत राहिलो. कागद माझ्या मागे लांब लांब जात होता. साहेब सायकलवर टांग टाकून मागे निघाले, त्यांच्या मागे ठाकोरभाई, त्यांच्या मागे तीस जण, आणि सगळ्यांच्या मागे साडी वर धरून धावत मंदा. “थांबा”, “थोभो”, “रुको”, सुरतेत असतील नसतील त्या सगळ्या भाषांत मला थांबायला सांगणं चाललं होतं.

मागवाल्यांच्या खोल्या आल्या. बायका बाजूला पळाल्या, कोंबड्या उडाल्या. शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यातून हिराआक्का धडपडत उठली, हात वर केला आणि जीव तोडून ओरडली.

“ओ भाऊ! माले ताव उना रे! रगत ली जाय!”

त्या क्षणी मी काय विचार केला असं लोक विचारतात. काहीही केला नाही. पाच वर्षं ते शब्द ऐकले की माझे पाय थांबायचे, तेवढंच. तिच्या दारासमोर मागावरच्या खराब सुताचा मोठा ढीग पडलेला होता. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मी त्या ढिगात उडी टाकली. सायकल तशीच पुढे गेली.

ढिगातून बाहेर आलो तेव्हा अंगभर लाल, हिरवं, पिवळं सूत गुंडाळलेलं होतं. गुडघ्यातून रक्त येत होतं. मी तसाच सरपटत उंबऱ्यापाशी गेलो, पेटी उघडली, आक्काचं बोट पुसलं आणि सुई टोचली. पट्टी पुरी होईपर्यंत सगळी वरात मागे येऊन उभी होती.

साहेबांनी विचारलं, “पाठक, हे काय?”

“ताप आहे साहेब त्यांना.” आणि मग, एवढं झाल्यावर उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून, सगळंच सांगितलं. चढता येत नाही, उतरता येत नाही, आठ दिवसांपूर्वी बसताही येत नव्हतं. नकाशा पायी काढलाय. नटुभाईचा गुडघा माझ्यामुळे फुटला. अर्जावरचं ‘होय’ खोटं आहे. हे सांगताना मी रडत होतो आणि नाकाला सूत चिकटत होतं.

ठाकोरभाईंना आयुष्यात पहिल्यांदाच शिवी सापडली नाही. नटुभाई माझ्याकडे बघत होता. मग तो खाली बसला आणि माझ्या केसांतलं सूत एकेक करून काढायला लागला.

“म्हणजे मला येते सायकल,” तो हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

साहेबांनी पेटी मागितली. एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. एकही फुटलेली नव्हती. त्यांनी खिशातून माझा कागद काढला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे. “कायम करण्यात येत आहे. यापुढे पाठक यांनी सायकलवर बसू नये. ती फक्त ढकलावी.” मंदा धापा टाकत पोचली तेव्हा हे वाचून पुन्हा जमिनीवर बसली. मला वाटतं, सायकल ढकलण्याचा लेखी हुकूम असलेला त्या खात्यात मी एकटाच असेन. नकाशा दुसऱ्या दिवशी उतरवला गेला. मी निवृत्त होईपर्यंत सायकल ढकलत होतो, आणि चेन बसवायला कधी वाकलो नाही.

आक्काच्या पट्टीचा निकाल आठवड्याने आला. काही निघालं नव्हतं. मी सांगायला गेलो. ती उंबऱ्यातच होती.

“आक्का, तुमच्या रक्तात काही नाही. साधा ताप असेल.”

“कसं काय निंघी?” ती म्हणाली. “माले ताव व्हताच कोठे!”

तिने हनुवटीने खोलीच्या पलीकडे दाखवलं. दहा-बारा पावलांवर जमीन संपत होती आणि खाली खाडी होती. त्या रविवारी भरतीचं पाणी काठोकाठ होतं. माझी सायकल त्यातूनच गळ टाकून काढावी लागली होती. उडी टाकताना मी पुढे पाहिलंच नव्हतं, आणि मला पोहताही येत नव्हतं.

“थांब थांब ते समदा वरडी ऱ्हायंतात,” आक्का म्हणाली. “तू थांबना का? मंग मी ताव उना म्हणीसन वरडनू. तेवढाच ब्रेक शे तुले.”

तिने चहा ठेवला. मी भिंतीवर तारीख टाकली. मग वही काढली. हिराआक्का, नवागाम, ताप: होय, अशी माझ्याच अक्षरातली नोंद होती. ती आता खोटी ठरली होती आणि नियमाप्रमाणे खोडायला हवी होती. मी वही मिटली आणि चहा प्यायलो.